खारट आगळ आणि वयाची सरासरी

मिश्रणाच्या गणितांशी माझं उभं वैर होतं. बँकेच्या परीक्षेत ‘अमुक लिटर दुधात तमुक लिटर पाणी’ असं दिसलं की मी सरळ पुढच्या प्रश्नावर उडी मारायचे. अशी चार-पाच गणितं दर वेळी यायची, आणि दर वेळी मी तेवढ्याच गुणांनी बाहेर पडायचे. त्या वर्षी अठ्ठाविसावं सरत आलं होतं. वयाच्या अटीमुळे ही शेवटची खेप, यानंतर अर्जच भरता येणार नव्हता. परीक्षेला पंधरा दिवस उरले आणि नेमकी तेव्हाच आली वाडीची पूजा.

आमच्या वाडीच्या पूजेला घरटी नारळ, तांदूळ आणि घरच्या आगळाची एक बाटली द्यायची पद्धत आहे. आगळ म्हणजे रातांब्यांचा मीठ घालून टिकवलेला रस, त्याचीच सोलकढी होते. आता मिठाच्या बाबतीत वाडीत दोन पंथ. एक आईचा: हात सढळ, लिटरला दोनशे ग्रॅम. दुसरा काकीचा: काकांचं ब्लडप्रेशर, म्हणून लिटरला शंभर. काकी बचत गटासाठी आगळ करते, त्यामुळे तिचं सगळं वजनावर. पूजेच्या स्वयंपाकाची मुख्यही तीच. कढीच्या आगळात लिटरला सव्वाशे मीठ हवं, हे तिचं ठरलेलं.

“तू शिकलेली ना गो? मग आगळ तूच मिसळ,” असं म्हणून ती नारळ खवायला बसली.

मी शिकलेली, म्हणून मी विचार केला. दोनशे आणि शंभर, मधलं दीडशे. थोडं इकडेतिकडे चालतंय! तोवर लिटर-लिटरच्या चार बाटल्या आल्या होत्या, त्या मी धडाधड पातेल्यात ओतल्या. तीन आईच्या पंथाच्या, एक काकीच्या. काकीने बोट बुडवून चाखलं आणि तिचे डोळेच मिटले.

“कुणी ओतलान ह्या? समुद्र बरा गो बाय!”

दीडशे पानं जेवायची होती. आगळ कमी घालावं तर कढी पांढरीफटक नि मचूळ. आई माझ्याकडे अशी बघत होती की मीठ तिने घातलंच नव्हतं जणू.

मी पूजेच्या पत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने मांडायला बसले. आईच्या तीन बाटल्या म्हणजे सहाशे ग्रॅम, काकीची एक म्हणजे शंभर. सातशे भागिले चार, पावणेदोनशे. दीडशे कुठून येणार? जो जितक्या बाटल्या घेऊन येतो, तितक्या जोराने तो सरासरी आपल्याकडे ओढतो! अंगावर काटा आला. अगं, हेच तर ते दूध-पाणी, पाच वर्षं ज्याला भिऊन पळत होते ते!

आता फरक बघायचे. पावणेदोनशेपासून सव्वाशे पन्नासने लांब, शंभरापासून पंचवीसने. म्हणजे पातेल्यातल्या एका लिटरला काकीचं दोन लिटर लागणार. पातेल्यात चार लिटर, म्हणजे आठ लिटर हवं, आणि काकीच्या पंथाच्या बाटल्या एव्हाना आणखी आल्या होत्या त्या दोनच. माझं तोंड उतरलं. मग एकदम सुचलं की अख्खं पातेलं सुधारायला सांगितलंय कुणी? त्यातलं एकच लिटर काढलं, त्यात त्या दोन बाटल्या ओतल्या. तीन लिटर. दीडशे पानांना तेवढं पुरतं.

काकीने पुन्हा बोट बुडवलं. मी श्वास धरून उभी.

“बरोब्बर आहे,” ती म्हणाली. “आता परीक्षेतपण अशीच कढी करून ये.”

उरलेलं खारट आगळ तिने पावसाळ्यासाठी बरणीत भरून ठेवलं.

मग मला चेवच चढला. पुस्तकातली सगळी मिश्रणं मी पंधरा दिवसांत फडशा पाडावा तशी सोडवली. जेवताना, एसटीत, कपडे वाळत घालताना! आईला वाटलं, पोरीला लागीर झालं.

परीक्षेला रत्नागिरीचं केंद्र होतं. स्क्रीनवर पहिलंच आलं ते वेगळं: कारखान्यातल्या पुरुषांचं सरासरी वय चाळीस, स्त्रियांचं तीस, सगळ्यांचं मिळून चौतीस, तर पुरुष आणि स्त्रियांचं प्रमाण किती? ना दूध, ना पाणी. माझा हात सवयीने पुढच्या प्रश्नाच्या बटणाकडे वळलाच. मग दिसलं, अरे, हे तर दोन पंथ! चौतीस हे चाळीसपासून सहाने लांब, तीसपासून चाराने. फरक उलटे लावायचे, चारास सहा, म्हणजे दोनास तीन. मला खुर्चीत हसू फुटलं. पर्यवेक्षकाने दोनदा वळून बघितलं. अशी पाचही सुटली, आणि पुढे यादीत नाव लागलं ते त्या पाचांच्याच जोरावर.

त्या दुपारी मात्र निकालाचं काहीच माहीत नव्हतं. बाबा फाटकाशी उभे होते. माझ्या प्रत्येक परीक्षेला ते असेच उभे असत, आणि पेपर कसा गेला हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. चेहरा बघायचे नि म्हणायचे, “चल, गाडी चुकेल.” त्या दिवशी ते काही म्हणायच्या आत मीच सुरू झाले. स्टँडवरच्या बाकावर धुळीत बोटाने चाळीस, तीस, चौतीस लिहून सगळं सांगितलं. समोर आमची गाडी लागली, भरली. कंडक्टरने आमच्या गावाच्या नावाने दोनदा हाक मारली. मी उठायला लागले.

बाबांनी माझा हात धरून खाली बसवलं. “जाऊंदे ती,” ते म्हणाले. “दुसरं कसं केलंस ते सांग.”