मधल्या सीटखालचा धूर

सायलेन्सरची कामं करणाऱ्या त्या बाईला गल्लीत सगळे ‘भट्टी’ म्हणत. वेल्डिंगमुळे नव्हे, तापट डोक्यामुळे. वडिलांनी तिला आणि तिच्या दादाला हाच धंदा शिकवला. पुढे दोघांनी समोरासमोर गॅरेजं थाटली.

एका दुपारी शाळेच्या मुलांची व्हॅन तिच्या दारात आली.

“ताई, आवाज फार करते. तेवढा दाबा,” ड्रायव्हर म्हणाला.

ती गाडीखाली शिरली. सायलेन्सरचा डबा ठोकला तर नुसता पोकळ वाजला. आतले कप्पे, भोकांच्या नळ्या, सगळं काढून टाकलेलं. एरवी आवाज त्या कप्प्यांच्या भिंतींवर आपटून उलटा फिरतो, मागून येणाऱ्या आवाजाला भिडतो आणि दोन्ही विरतात. धूर मात्र न तुंबता गाडीच्या मागे बाहेर पडायला हवा. इथे तर मागची नळीच कापलेली. धुराचं तोंड मधल्या सीटखाली, आणि तिथला पत्रा गंजून चाळणी झालेला.

“मुलं काही बोलतात?”

“डोकं दुखतं म्हणतात. एक मुलगी तर रोज ओकते. शाळा बुडवायची नाटकं, दुसरं काय!”

“नाटकं? धूर पितायत ती! जीव जाईल एखाद्याचा!” तिने किल्ली काढून स्वतःच्या खिशात घातली. “दुसरी गाडी बोलवा. ही इथून हलणार नाही.”

“माझ्यावर कशाला ओरडता? काम तुमच्या दादांनीच केलंय.”

तिने डबा खोलला, तसाच उचलून रस्ता ओलांडला आणि दादाच्या टेबलावर आदळला.

“नळी सडली होती,” दादा म्हणाला. “गाडी ओढत नाही, सायलेन्सर मोकळा करा, असं ड्रायव्हर म्हणाला. घाईत होता. केलं.”

“तुझी पोरगी बसते का त्या सीटवर?”

“हळू बोल. गिऱ्हाईकं आहेत.”

“ऐकू देत! अजून किती गाड्या अशा कापल्यास?”

दादाने नजर चुकवली. “दोन. शाळेच्याच.”

“फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर.”

संध्याकाळपर्यंत तिन्ही व्हॅन तिच्या दारात उभ्या होत्या. तिने नवे डबे बसवले, नळ्या पार मागच्या बंपरपर्यंत नेल्या, पत्र्याची भोकं बुजवली. दादा पत्रा धरून उभा होता.

“झालं ना आता?” शेवटी तो म्हणाला. “किती राग धरशील?”

“त्या मुलांच्या घरी जा. डोकं का दुखत होतं ते तुझ्या तोंडाने सांग. मग मला रागाचं विचार.”

दुसऱ्या दिवशी तो गेला. प्रत्येक घरी गेला. दोन दारांत तर शिव्या खाऊन आला.

ती मात्र अजून त्याच्याशी कामापुरतंच बोलते.