भौजींच्या शेतातला माझा खड्डा

२३ नोव्हेंबर

दीड महिना इथे काही लिहिलं नाही, माफ करा. दोघातिघांनी तब्येतीची चौकशी केली. तब्येत ठणठणीत आहे. वेळ नव्हता असंही नाही. या काळात मी कपाटं आवरली, मसाल्यांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या. खरं कारण असं की मला एक फोन करायचा होता आणि तो केल्याशिवाय हे प्रवासवर्णन पुरं होणार नव्हतं. तो काल केला.

तर, दसऱ्याच्या सुट्टीत मी माती बघायला गेले होते.

बनारसमध्ये मुलींच्या एका इंटर कॉलेजात मी भूगोल शिकवते. दरवर्षी एक धडा येतो, लोएस नावाच्या मातीचा. पिठासारखी बारीक, पिवळसर, पुरुषच्या पुरुष खोल. उभी कापली तर भिंतीसारखी उभी राहते, पाणी लागलं की ढासळते. दरवर्षी मी फळ्यावर एक भिंत काढते आणि सांगते, ही चीनमध्ये असते. गेल्या वर्षी निवृत्त झालेले आमच्या प्रयोगशाळेतले रामबली पेन्शनच्या कागदासाठी आले होते. दारात उभं राहून त्यांनी फळा पाहिला आणि तास संपल्यावर म्हणाले, "मैडम जी, ई भीत त हमरे गाँव में बा. चीन काहे जाईं?"

त्यांचं गाव चुनारच्या अलीकडे, गंगेच्या उंच काठावर. मी ठरवलं की जायचं, आणि नुसतं बघून यायचं नाही, मातीचा उभा छेद पेटीत घालून आणायचा. डिसेंबरात कॉलेजचं प्रदर्शन असतं. बावीस वर्षं फळ्यावर भिंत काढणाऱ्या बाईच्या हातात एकदा तरी खरी माती दिसावी, अशी इच्छा होती. हिला मी तेव्हा शास्त्रीय जिज्ञासा म्हणत होते.

नवऱ्याला, श्रीकांतला, सांगितलं. तो रेल्वेत आहे, सुट्टीचं मोल जाणतो. "माती बघायला बसने जायचं? गंगाजी उतरल्या आहेत, आपल्या रामघाटाच्या पायऱ्यांवर गुडघाभर माती पडलीय. जितनी चाहिए उतनी घे. फावडं मी देतो."

पहिला दिवस

जाणाऱ्यांसाठी: गल्लीतून मैदागिनपर्यंत पायी, तिथून ऑटोने कँट स्टेशन, मग चुनारकडची बस. सकाळी साताच्या आत निघालात तर बसायला जागा मिळते. फाट्यावर उतरून ई-रिक्शा. सगळं मिळून शंभर-दीडशेत होतं. मला थोडं जास्त पडलं, कारण माझ्या लाकडी पेटीला कंडक्टरने प्रवासी मानलं. पाणी आणि बंद बूट न्या. कगारीच्या, म्हणजे कड्याच्या, अगदी टोकावर उभे राहू नका. फोटो दोन पावलं मागूनही चांगले येतात.

पेटीशिवाय माझ्याकडे मोजपट्टी होती, स्वयंपाकघरातलं उलथनं होतं, चुना तपासायला आम्ल हवं म्हणून व्हिनेगरची बाटली होती, आणि मातीचे रंग जुळवायचा घरी छापलेला तक्ता. आमच्या प्रिंटरमधली पिवळी शाई संपली होती, त्यामुळे तक्त्यावर जगातली कुठलीच पिवळी माती नव्हती.

शेत रामबलींच्या थोरल्या भावजयीचं, फूलमतीभौजींचं. साठीच्या, बारीक अंगाच्या. नवरा बाजारात दुकानावर असतो, म्हणून शेत त्याच बघतात. शेताच्या कडेला ओघळीने कापलेली तीन पुरुष उंच भिंत होती, फळ्यावर काढते तशी, सरळ. वरून मुळांच्या बारीक नळ्या खाली गेलेल्या, तळाशी चुन्याचे पांढरे खडे. भिंतीपलीकडे गंगा, पण इतकी खाली की शेताला तिचा उपयोग दर्शनापुरता. या उंचावर ना कालवा पोचतो ना बोअर. पिकतं ते फक्त मातीने धरून ठेवलेल्या पावसावर. ही माती वाऱ्याने आणली की नदीने, यावर मी ठाम बोलणार नाही. बोटांत चोळली की मैद्यासारखी लागते, एवढं नक्की.

मी खड्यावर व्हिनेगर ओतलं. दोन बुडबुडे आले. मी टाळी वाजवली.

"ई त कंकड़ हौ," भौजी म्हणाल्या. "इहै फूँक के चूना बनत रहल. सिरका काहे खराब कइलू?"

मग त्यांनी मला त्यांची परीक्षा दाखवली. नांगरलेल्या शेतात मूठ खोल घालून माती काढली, लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. लाडू दोन तुकडे होऊन पडला. "बस. अब हेंगा चली, परसों चना बोआई."

हेंगा म्हणजे जाड फळी. नांगरट झाली की त्याच संध्याकाळी तिच्यावर उभं राहून ती शेतावरून ओढतात. ढेकळं फुटतात आणि वरची माती दाबून बसते. हथिया, म्हणजे हस्त, नक्षत्राचा शेवटचा पाऊस असा झाकून ठेवायचा, कारण वर पुन्हा पाऊस नाही. भौजींनी एका वाक्यात सांगितलं, "माटी बंद रही त पानी रही, खोल देबू त उड़ जाई."

मी हे वहीत लिहून घेतलं. वही अजून आहे. त्याच्याच खाली मी लिहिलंय: सगळ्यात उत्तम माती कुठली, विचारणे.

विचारलं. भौजींनी प्रामाणिकपणे मधली पट्टी दाखवली. तिथे त्या घरचं बियाणं लावायच्या: बारीक काळा चणा, त्यांच्या आईच्या घरून आलेला. गेल्या वर्षी नीलगायींनी बराच खाल्ला होता. उरला होता तो एका मडक्यात, तेवढाच.

मी म्हटलं, खड्डा इथेच घेऊ.

"कगार कटल-कटावल बा," भौजी म्हणाल्या. "खेत काहे खोदबू?"

मी समजावलं की उघडी भिंत ऊनपावसाने बदललेली असते, छेद ताजा हवा, आणि त्या पट्टीवर हेंगा फिरवू नका, नाहीतर वरचा थर दबेल आणि माझा नमुना खोटा ठरेल. उद्या सकाळच्या उन्हात फोटो घेते, मग करा काय ते. नमुना खोटा ठरेल, असं मी खरोखर म्हणाले.

भौजींनी दिराकडे पाहिलं. रामबली इतक्या वर्षांच्या सवयीने म्हणाले, "मैडम जी कहत हईं त सोच के कहत होइहें."

"ठीक हौ," भौजी म्हणाल्या. "पाहुन के बात."

संध्याकाळी सगळ्या शेतावर हेंगा फिरला, पट्टी सोडून. रात्री बाटी-चोखा जेवलो. वांगं चुलीत भाजलेलं, वर कच्चं मोहरीचं तेल. मी तीन बाट्या खाल्ल्या आणि फार समाधानात झोपले.

दुसरा दिवस

सकाळी पछुवा सुटला, पश्चिमेचा कोरडा वारा. तोंडात माती, वहीच्या पानांत माती. फोटोला उजेड छान होता. छेद पेटीत उतरवायला मात्र दिवस गेला, कारण उलथनं वाकलं आणि माती पेटीच्या मापाने तुटेना. दुपारी भौजी एकदा येऊन उभ्या राहिल्या.

"भइल, मास्टरनी जी?"

"बस, थोडंसं... थोड़ा और," मी म्हणाले.

त्या पट्टीकडे बघून परत गेल्या. संध्याकाळी खड्डा बुजवला. रामबलींनी आणि मी वर नाचून नाचून तो दाबला आणि खूप हसलो. बाकी पट्टी रात्रभर तशीच राहिली. हेंगा शेजाऱ्याकडे गेला होता.

तिसरा दिवस

पेरणी. बाकीच्या शेतात भौजी बोट घालत, दोन पेरांवर ओल लागे. मग पट्टीवर आल्या. बोट घातलं, मग हात मनगटापर्यंत घातला. लाडू वळायला गेल्या तर मुठीतून पीठ गळलं.

मला समजलं. हेंगा न फिरवलेल्या पट्टीतली ओल दोन दिवसांत उडून गेली होती; बावीस वर्षं शिकवलेल्या धड्यातलं हे मला तेव्हा कळलं.

त्या हात झटकून घरात गेल्या. मडकं आणलं, बी नेहमीपेक्षा खोल टाकलं.

"उगेगा ना, भौजी?"

"पढ़ल-लिखल आप हईं, आप बताईं."

हे त्या हसून म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला परतीच्या बसमध्ये झोप लागली असती.

निघताना त्यांनी मला पाटावर बसवलं. घरची लग्न झालेली बाई निघाली की तिच्या पदरात धान्य घालतात, आपल्या ओटीसारखं. तिथे त्याला खोइँछा म्हणतात. मी सलवार-कुर्त्यात होते, ओढणी पसरली. घरात तांदूळ नव्हता. भौजींनी मडकं उपडं केलं आणि पेरून उरलेला चणा, हळद आणि दूर्वा माझ्या ओढणीत घातल्या. "खाली हाथ ना जाए के," म्हणाल्या. मी नको म्हणू शकले असते का? ओटीला नाही म्हणत नाहीत. पण मडकं रिकामं झालं ते मी बघितलं होतं.

घर

पेटी सुखरूप आली. प्रदर्शन अजून व्हायचंय, पण मुख्याध्यापिकाबाईंनी ती आताच कचेरीबाहेर ठेवली आहे, काच लावून. येणारेजाणारे वाकून बघतात. कोणी कौतुक केलं की मी पाण्याची बाटली शोधायला लागते.

चण्याचं काय झालं, तेही लिहायला हवं. दुसऱ्याच दिवशी श्रीकांतने ओढणी सोडली, चणे भिजवले आणि उसळ केली. फार छान झाली होती. मी दोनदा वाढून घेतली, आणि मग त्याला सांगितलं की हे बियाणं होतं.

"मग आधी का नाही बोललीस?" तो म्हणाला. मी ताटं उचलली.

त्यानंतर फोन रोज उद्यावर गेला. काल केला. रामबलींनी उचलला. बाकी खेत चौचक, एकदम झकास, मैडम जी. घरी सगळे बरे. पेन्शन सुरू झाली.

"और वो पट्टी?"

रामबली म्हणाले, "कहीं-कहीं..."

मागून भौजींचा आवाज आला, फोनपर्यंत पोचेल एवढा मोठा: "कह द, जहाँ गड्ढा खोदले रहलीं, ओहीं जमल बा! सात पेड़! अगिला साल पूरा खेत खोद जाईं!"

उगवलं ते खड्ड्यावरच: तिथे खालची ओली माती वर आली आणि आम्ही नाचून ती दाबली, म्हणजे नकळत हेंगाच फिरवला. माझी चूक आणि तिचा अपवाद, दोन्ही मीच. सात रोपं, आणि नीलगायी आहेतच.

फोन ठेवला आणि देवघरात दिवा लावायला गेले. ओटीतले मूठभर दाणे आधी देवापुढे ठेवायचे, ही आईची शिस्त. परत आले त्या संध्याकाळी, उसळीच्या आधी, मी ते सवयीने पितळी वाटीत काढले होते. तिथेच होते. हळद लागलेले, बारीक, काळे, ओंजळीला थोडे कमी.

भौजींच्या अंगणात हातपंप आहे. त्याच्याजवळ एवढासा वाफा होईल, पाणी हाताने घालता येईल. उशीर झालाय, पण बी राहील. प्रश्न एवढाच की मिळालेली ओटी परत करत नाहीत. तो अपमान होतो. भौजी एकदाच हसून बोलल्या होत्या, दुसऱ्यांदा बोलणार नाहीत. यावर मी अर्धी रात्र घालवली. मग सुचलं की परत करायचीच नाही. मीही कुठल्यातरी घरची बाई आहे, मलाही भौजींची ओटी भरता येते, याच चण्याने.

रविवारची सकाळची बस. पेटी नाही, उलथनं नाही.

उद्या: चौकातून एक खण आणणे.