सासूबाईंना कुटुंबात धरत नाहीत

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या सईला अमेरिकेतल्या दोन कॉलेजांत प्रवेश मिळाला. तिच्या आवडत्या कॉलेजाने फीसाठी मदत कमी देऊ केली, दुसऱ्याने बरीच जास्त. म्हणून आज इथून, जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनहून, फोन करून मी आवडत्या कॉलेजाशी घासाघीस केली.

तिथल्या बाईंनी विचारलं, "घरी काही विशेष अडचण?"

पुण्यात सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, त्यांचा सगळा खर्च आम्ही करतो, असं मी सांगितलं. त्यांना आधी विचारलं होतं. "खुशाल सांग गं, माझ्या आजारपणाचा नातीला तरी उपयोग होऊ दे," असं त्या हसून म्हणाल्या होत्या.

"पण त्या तुमच्या घरात राहत नाहीत ना? मग त्यांना कुटुंबात धरता येत नाही."

मदत वाढली नाही. "एगाल, आई," म्हणजे जाऊ दे, एवढंच म्हणून सईने खोलीचं दार लावून घेतलं.

तासाभराने सासूबाईंचा फोन. "काय गं, आले का मी कामी?"

"विचार करताहेत, आई," मी म्हटलं. धडधडीत खोटं. खरं उत्तर त्यांना कोणत्या तोंडाने द्यायचं? तुम्ही दिलं असतं?