तांडेलाची रेघ

तांडेल पावती वाचत नसे. ट्रकवाल्याने वजनाची पावती पुढे केली की न बघताच परत द्यायचा आणि कठड्यावरून ओणवा होऊन पाण्याकडे बघायचा. बोटीच्या अंगावर त्याने स्वतःच्या हाताने पांढरी रेघ ओढली होती. पाणी रेघेला टेकलं की हात वर, आणखी गाडी घ्यायची नाही. मागे राहिलेल्याने कितीही शिव्या घालू देत, त्याचं एकच उत्तर : "कागद तरंगता रे, ट्रक बुडता."

माणूस तोंडवलीचा. नाव होतं त्याला, पण बोट चालवणारा म्हणून खाडीच्या दोन्ही काठांना तो तांडेलच. आमच्या मालकांनी कंपनी काढली ती दोन होड्या एकमेकींना बांधून, वर फळ्या टाकून, एक जीप पलीकडे नेण्यापासून. त्या होड्यांवरही हाच होता. पुढे लोखंडी बोट आली. गाडी एका तोंडाने आत, पलीकडे दुसऱ्या तोंडाने बाहेर. तिला आता रो-रो म्हणतात. गाड्या चढायच्या ती लोखंडी फळी माझ्या ताब्यात. शाळा मी चौथीत सोडली, पण ट्रक किती भरलाय ते मला लांबून टायर बघून कळतं. तेही त्यानेच शिकवलं.

एकदा खुद्द मालकांची गाडी शेवटी आली. लग्नाला निघाले होते. तांडेलाने हात वर केला.

"बोट कोणाची रे?" मालकांनी विचारलं.

"बोट तुमची. रेघ माजी."

मालक हसले आणि पुढची फेरी येईपर्यंत धक्क्यावर शहाळं पीत बसले. असा मालक होता म्हणून कंपनी उभी राहिली, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन.

मालक वारले. मुलाने कंपनी शहरातल्या लोकांना विकली, मॅनेजर आला. एका सकाळी बघतो तर रेघ चार बोटं वर, जुनीवर काळा रंग.

"एक चिऱ्याचा ट्रक जास्त बसतो," मॅनेजर म्हणाला.

तांडेल ओणवा झाला, नीट बघून सरळ झाला. "सायबानू, रेघ तुमी वर नेलास. पाणी खाली गेला काय?"

"तुम्हाला बोट चालवायला ठेवलंय, रेघा ओढायला नाही."

तांडेलाने केबिनमधली आपली खुर्ची आणली आणि फळीवर, त्या जास्तीच्या ट्रकसमोर मांडून बसला. मॅनेजर मला म्हणाला, "उठव त्याला." मी जागचा हललो नाही. शेवटी ट्रकवालाच खाली उतरला, पाणी बघितलं आणि म्हणाला, "माका घाई नाय. मी पुढच्या फेरीक येतंय."

तांडेलाला त्याच दिवशी काढलं. जाताना खुर्ची उचलली. "ही कंपनीची नाय, माज्या घरची."

फळीवर दुसरा माणूस मिळेना म्हणून मी राहिलो. दुसऱ्या दिवशी पांढरा रंग आणून रेघ जुन्या जागी ओढली. मॅनेजर म्हणाला, खरवड. मी पत्र्याचा तुकडा त्याच्याच हातात दिला. "तुमीच खरवडा, सायबानू." त्यासाठी कठड्यावरून ओणवं व्हावं लागतं. त्याने खाली पाणी बघितलं आणि पत्रा ठेवून दिला.

तांडेल गेल्या साली गेला. शेवटच्या दुखण्यात भेटायला गेलो तर तब्येतीचं बोलेना.

"रेघ आसा?"

"आसा."

"मगे बरा."

आज बोटीवर दोन रेघा आहेत. वरची कंपनीची. नवा तांडेल पगार कंपनीचा घेतो, पण ओणवा होतो तेव्हा बघतो ती खालची.