नळाला बांधलेली हिरवी वायर

कमलबाई गेल्या तेव्हा कूलर चालू होता. एवढं सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून सगळ्यांनी तेच धरलं, की बाईनं चालू कूलरला हात लावला.

मे महिन्यातली दुपार होती. बन्सीधरबापू आत बाजेवर पडले होते. कमलबाई बादली घेऊन परसात गेल्या आणि परत आल्याच नाहीत. बापू उठून गेले तर त्या नळापाशी पडलेल्या. कूलर मागच्या खिडकीला, नळापासून दोन पावलांवर घरघरत होता. दवाखान्यात नेलं, पण नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. पंचनाम्यात कूलरचा शॉक असं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माती झाली.

मातीहून आल्यावर बापूंनी सिद्धोधनला बोलावलं. तो कूलर काढून टाक, घरात दिसू देऊ नको, एवढंच म्हणाले.

सिद्धोधन गावचा वायरमन. ताडकळसच्या पलीकडं चार किलोमीटरवर हे गाव, आणि गावातल्या निम्म्याहून जास्त घरांत बल्ब लागला तो त्याच्या हातानं. परभणीला आयटीआय करून आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याला पहिलं मोठं काम दिलं ते बापूंच्या घरानं. बैठक झाली, ओसरी झाली, माडी झाली. स्वयंपाकघराच्या दारात मात्र बापूंची आई बसून राहिली. म्हणाली, इथं दिवा हाय, इथं लाईट नको. बौद्धवाड्यातलं पोरगं चुलीपाशी जाणार, हे तिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. तेव्हा कमलबाई पदर खोचून उठल्या. सासूला म्हणाल्या, दिवसभर धुरात मी असते, लाईट मलाच पाहिजे. आणि सिद्धोधनला म्हणाल्या, ये आत.

त्या घरात तो चुलीपर्यंत गेला हे गावात फिरलं. मग बाकीच्यांनीही आत घेतलं. सव्वीस वर्षांत कुणी दारात अडवलं नाही. गाव त्याला सिधू म्हणे, नाही तर नुसतं वायरमन. कमलबाई पूर्ण नाव घेत.

त्याचा एक हट्ट होता. अर्थिंग केल्याशिवाय तो मेन स्विच चालू करायचा नाही. लोकांना अंगणात खड्डा नको असायचा. ओल लागेपर्यंत पुरुषभर खोल खणा, त्यात पत्रा पुरा, कोळसा आणि मीठ भरा, वर उन्हाळाभर पाणी घाला, हे कोण करणार? मग त्यानं तोडगा काढला. हिरवी वायर नळाच्या लोखंडी पाइपाला आवळून बांधायची. पाइप गावभर जमिनीतून फिरलेला, सदा ओला. बिघडलेल्या यंत्राच्या अंगावर करंट आला तर तो माणसातून न जाता पाइपातून जमिनीत जाई. बांधून झालं की तो एक बल्ब लावून दाखवी. एक वायर बोर्डाला, एक नळाला. बल्ब लख्ख पेटे. बघणारे म्हणत, चला, पक्कं झालं.

आणि ते पक्कंच होतं. सव्वीस वर्षांत त्यानं वायरिंग केलेल्या घरात कुणाला मुंगीएवढा झटका बसला नव्हता.

कमलबाई त्याचे नियम देवाच्या नेमासारखे पाळत. कूलरमध्ये पाणी घालायचं तर आधी बटन बंद, पायात रबरी चप्पल, खाली लाकडी पाट. गल्लीतल्या बायकांनाही शिकवत. बायका हसत. म्हणत, काकू, कूलरची पूजा तेवढी राहिली.

अशी बाई चालू कूलरला हात लावील, हे सिद्धोधनला पटेना. आणि बिघाड शोधल्याशिवाय वस्तू काढायची नाही, ही हाताची सवय. त्यानं सगळ्यांना लांब उभं केलं, स्विच चालू केला आणि कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला. आतल्या मोटरीची वायर सोलून पत्र्याला टेकली होती. करंट पत्र्यावर आला होता, मग हिरव्या वायरीनं तो जमिनीत जायला हवा होता. तो वायरीच्या मागं मागं नळापर्यंत गेला. आणि नळाला टेस्टर लावला.

तिथंही दिवा लागला.

त्यानं स्विच बंद केला. परत येऊन नळाखालची माती हातानं उकरली. वितभर लोखंडी पाइप होता. त्याच्या खाली काळा प्लास्टिकचा पाइप.

मागच्या हिवाळ्यात गावात नवी नळयोजना आली होती. गल्ल्या उकरल्या, जुना लोखंडी पाइप काढून नेला, प्लास्टिकचा टाकला. सिद्धोधन तेव्हा रोज त्याच चिखलातून गेला होता. चिखलाला शिव्या घालत गेला होता. घराघरातली हिरवी वायर आता कुठंच जात नाही, नळापाशी येऊन थांबते, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

कूलरचा करंट त्या वायरीनं नळात आला. कमलबाई कूलरला शिवल्याही नव्हत्या. अनवाणी पायांनी ओल्या दगडावर उभं राहून त्यांनी नळाला हात लावला. नळाला कोण भितं?

त्यानं ती वायर तोडली, कूलर उचलून बाहेर नेला. ओसरीवर बापू कुणाला तरी सांगत होते, "कितीदा सांगितलं व्हतं तिला. चालू कूलरला हात लावू नको. ऐकलं न्हाई." सिद्धोधन ऐकून खाली मान घालून निघाला.

घरी त्यानं आधी स्वतःच्या नळाची वायर सोडली. मग सुकेशनीला, बायकोला, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, तुमाला कुणी इचारलंय का? बाई काय माघारी येणार न्हाई. आणि आपलं घर कोणत्या गल्लीत हाय ते ध्यानात ठेवा. त्यांच्या घरातलं माणूस आपल्या हातानं गेलं, असं आपुन जाऊन सांगायचं का?

तिचंही खोटं नव्हतं. थोड्या वेळानं तिचं लक्ष नळाकडं गेलं.

"आपल्याबी नळाला व्हती?"

"व्हती."

रोज चाळीस वेळा ती तो नळ सोडत होती. तिनं आपले हात पाहिले.

दुसऱ्या दिवशी तो पक्कड घेऊन घरोघर निघाला. कारण न सांगता वायरी सोडत गेला. किराणा दुकानातला पंडित म्हणाला, वायरमन, हिरव्या वायरीला भंगारात भाव आला का? दोन-चार घरं हसण्यावारी गेली. तात्यारावांनी मात्र दारात आडवा हात धरला.

"सव्वीस वर्षं तूच म्हणलास, ही बांधल्याबिगर बटन दाबू नका. आता तूच सोडायलास. कामून, ते सांग आदी."

तो उद्या सांगतो म्हणाला. पण वायर नुसती सोडून भागत नव्हतं. सोडली की ते घर उघडंच पडत होतं, खड्डे घ्यायला हवे होते, आणि कारण कळल्याशिवाय मे महिन्यात कोण खड्डा खणणार?

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं बापूंच्या अंगणात बसली होती. पुण्याहून आलेली लेक, राजेश्री, उंबऱ्याशी टेकून होती. बापूंचं पुन्हा तेच चाललं होतं. ऐकलं न्हाई. म्हातारपणी बाई बेफिकीर झाली. माणसं माना हलवत होती. सिद्धोधन उभा राहिला.

"बापू, काकूनं कूलरला हात लावला न्हाई."

मग त्यानं सांगितलं. वायर, नळ, नवा पाइप, टेस्टर. थांबत थांबत, पण काही न गाळता. मधेच पंडित म्हणाला, मग ही चूक पाइपवाल्याची. सिद्धोधननं मान हलवली.

"पाइप बदलायला तवा मी गल्लीतच व्हतो. मला कळाया पाहिजे व्हतं. बांधलं मी व्हतं."

बापू त्याच्याकडं वळले.

"म्हंजे, तिची चूक न्हवती."

"न्हाई बापू."

"तुजी व्हती."

"हाव."

राजेश्री उठून आत गेली. आतून तिचं रडणं ऐकू आलं. दोन दिवस ती रडली नव्हती.

"जा तू आता," बापू म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पुन्हा येऊ नको."

त्या दिवसापासून गावात कुदळी निघाल्या. कुणी ताडकळसचा वायरमन आणला. ज्या घरांत सिद्धोधन चुलीपर्यंत जाई, त्यातल्या काहींनी त्याला फाटकातूनच सांगितलं की बघू, कळवतो. काहींनी बोलावलं. तिथं खड्डाही तोच खणू लागला. उन्हानं काळी माती दगड झाली होती. पहार मारली की ठिणगी उडे.

तेराव्याचं आवतण त्याला आलं नाही. त्या दिवशी तो कडूबाईच्या परसात छातीइतक्या खड्ड्यात उभा होता. कडूबाई एकटी म्हातारी, जेवून आली आणि कडेला बसली. तिनं सांगितलं, बायकांच्या पंगतीत कुणीतरी बोललं की बाई कूलरला चिकटली. तर बापू वाढणं थांबवून तिथं आले. म्हणाले, कूलरला न्हाई, नळाला. ती बराबर व्हती. आणि मग दर पंगतीला येऊन तेवढंच सांगत राहिले.

"माजं नाव घेतलं का?"

"न्हाई बाबा. तुजं नाव एकदाबी न्हाई घेतलं."

घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. घामानं डोळे चुरचुरत होते. त्यानं पहार उचलली. अजून ओल लागली नव्हती.