अम्मीची अडलेली दुआ

मी रोह्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. पोरांना शिकवतेस की वर्गातल्या पंख्यांना, असं माझा धाकटा भाऊ चिडवायचा. तो डोलवीला कंपनीत होता. गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात गेला. अम्मीसमोर त्याच्या नावाआधी 'मरहूम', म्हणजे दिवंगत, असं लावायची अजूनही कुणाची छाती होत नव्हती.

पेणला अम्मीकडे गेले की एक गोष्ट मला खटकायची. अम्मी एकही नमाज चुकवत नव्हती, पण शेवटी मान वळवून सलाम फेरला की दुआसाठी हात न उचलता सरळ जानमाजची चटई गुंडाळायला लागायची. अल्लावर रुसली असणार, असं मी धरून चालले. तिचं त्याच्याशी बोलणं कायमचंच तुटेल, याची मला भीती वाटायची.

तेव्हा मी वर्गासाठी प्रक्रियावादी तत्त्वज्ञ वाचत होते. ते म्हणतात, जगासोबत देवही बदलत जातो, आपल्या दुःखात तोही दुखावतो. मला ते फार गोड वाटलं. निडी, कासू ही स्टेशनं मागे पडेपर्यंत गाडीत मनाशी जुळवाजुळव केली आणि घरी पोचताच भाकऱ्या थापणाऱ्या अम्मीला सांगूनही टाकलं.

तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली. "तो पन माझ्यासारखा रडत बसला, तर मी कुनाकडं जाऊ गो?"

मग लहानपणी मदरशात ऐकलेलंच आठवून सांगितलं. अल्ला बदलत नाही, पण जग एकदा घडवून बाजूलाही बसत नाही. ते दर क्षणी त्याच्याकडून नव्याने येतं, रोज तो नव्या कामात असतो. म्हणजे आजचं मागणं आजचंच, कालच्या नकाराशी त्याचा संबंध नाही.

तिने फुगलेली भाकरी तव्यावरून खाली उतरवली.

"मी रुसले नाय," ती म्हणाली. "त्याला बरा कर, येवढंच मागत व्हते. आता दुसरं मागायचं, तर तो गेला असं माझ्याच तोंडानं बोलायला लागंल."

अल्ला बदलतो की नाही यावर मी इतके दिवस डोकं शिणवत होते आणि ही एवढ्याशा शब्दापाशी अडली होती.

दुपार कलल्यावरची असरची नमाज आम्ही शेजारी शेजारी पढलो. सलाम फेरून मी बसून राहिले. बऱ्याच वेळाने अम्मीने हात उचलले. आधी ओठ नुसतेच हलले. मग तिने भावाचं नाव घेतलं, त्याच्याआधी मरहूम लावलं, आणि त्याला माफ कर म्हणाली.

मी आमीन म्हणाले.