हातानं दिलेला नंबर

आमच्या तिघांच्या कामाचं असं आहे, की एक कॉम्प्युटर चालू झाला की एक किस्सा मागं उरतो. ऑफिसांनी टाकून दिलेली मशीन आणायची, त्यांवर लिनक्स ही फुकटातली सिस्टिम चढवायची आणि शाळांना द्यायची, हे आमचं रविवारचं काम. कॉलेजच्या लॅबमधून रिटायर झालेले सिद्राम अण्णा, त्यांच्या हाताखाली शिकलेली यास्मिन आणि मी. किस्से बहुतेक अण्णांचेच. पूर्वी ते सांगताना आम्ही नुसते हसायचो.

*

इन्स्टॉल करताना नेटवर्कचा स्क्रीन आला की अण्णा 'ऑटोमॅटिक'ला कधी हात लावत नाहीत. प्रत्येक मशीनचा नेटवर्कवरचा नंबर, म्हणजे तिचा पत्ता, स्वतः टाइप करणार. एका मास्तरांनी विचारलं, "एवढा उपद्व्याप कशाला? ते आपोआप घेतंय की."

"आपोआप घेतलेला उद्या बदलतो," अण्णा म्हणाले. "मग प्रिंटर कुटं हुडकणार तुमी? पोराचं नाव आपण ठेवतो, का दवाखान्यावर सोडतो?"

मास्तरांनी गुपचूप चहा मागवला.

*

मंगळवेढ्याच्या शाळेत सगळं झालं, पण इंटरनेट येईना. आम्ही सगळ्या वायरी काढून परत लावल्या. शेवटी यास्मिनला चूक सापडली. गेटवे म्हणजे मशीननं बाहेर पडायचं दार. तिथं अण्णांनी सवयीनं स्वतःच्या घरचा आकडा टाकला होता.

"चाचा, ये मशीनां तुमारे घर के दरवाजे से बाहर निकलने देखरे," यास्मिन म्हणाली.

"निगू द्या की. बायको घरातच असती, च्या पाजंल."

*

मैंदर्गीला मात्र कुणाला हसू आलं नाही. एक कॉम्प्युटर चालू केला की दुसऱ्याचं नेट जायचं. दोघांना एकच नंबर गेला होता. कागदावर इंग्रजी आकड्यांत 13 आणि 18 असं लिहिलं होतं, अण्णांनी दोन्ही १८ वाचले. कागद त्यांच्याच अक्षरातला होता.

परतीच्या एसटीत त्यांनीच सांगितलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाच्या थेंबांवर टिकवायची, असं डॉक्टर म्हणाले होते.

"कुणाला बोलू नका," अण्णा म्हणाले. "आंधळ्याला मशीनजवळ कोण बसू देतंय? हे बी सुटलं तर घरात बसून मी करू काय?"

मला फार वाईट वाटलं. अक्कलकोट येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो.

*

त्यानंतर यास्मिन स्क्रीनवरची प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचू लागली, जणू स्वतःशीच.

"तुला ही सवय कवापासनं?" अण्णांनी एकदा विचारलं.

"बचपन सेच है, चाचा."

त्यांनी की-बोर्ड जवळ ओढला. ती वाचत गेली, ते टाइप करत गेले.

*

गेल्या महिन्यात आम्ही अंध मुलींच्या एका वसतिगृहात गेलो. तिथं कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाई स्वतः जन्मापासून अंध. त्यांच्यासाठी बोलणारा इन्स्टॉलर लावला होता. स्क्रीनवर जे येतं ते तो वाचून दाखवतो. बाई इअरफोन घालून स्वतःच टाइप करत होत्या आणि अण्णा शेजारी उभं राहून तोंडपाठ नंबर सांगत होते. मधेच बाई थांबल्या.

"लई भरभर बोललं हे. अण्णा, स्क्रीनवर काय आलंय तेवढं बघून सांगा की."

यास्मिन वाचायला पुढं सरकली. अण्णांनी हात आडवा करून तिला थांबवलं.

"मला दिसत न्हाय, बाई."

बाईंचे हात की-बोर्डवर तसेच होते.

"मग उभं कशाला राहिलाय? खुर्ची घ्या," त्या म्हणाल्या.

एका कानातला इअरफोन काढून त्यांनी अण्णांपुढं धरला. तो जरा बाजूलाच धरला गेला. अण्णांचा हात हवेत चाचपडत राहिला, बाईंचाही. यास्मिन आणि मी जागचे हललो नाही.

शेवटी तो त्यांच्या हाताला लागला. त्यांनी तो कानात घातला आणि खुर्ची पुढं ओढली.

"परत एकदा बोलू द्या त्याला," अण्णा म्हणाले. "हां. आता मी सांगतो, तुमी टाका."